लागण झाली, पण खोडवा राहिला नाही
(महिला फुटबॉलच्या राष्ट्रीय लीगमधील महाराष्ट्राच्या संघांची हकीकत)



हंगाम म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. बॉयलर पेटला, गव्हाणीत मोळी पडली की हंगाम सुरू. शेवटची गाडी वजनकाट्यावरून खाली होऊन गेली की हंगाम संपला. मधल्या चार-पाच महिन्यांत गाळप किती झालं, उतारा किती पडला, यावर घरातल्या लग्नापासून सोसायटीच्या हप्त्यापर्यंत सगळी गणितं अवलंबून. पण आपल्याला हेही पक्कं ठाऊक आहे की ऊस काही त्या चार महिन्यांत वाढत नाही. आडसालीचा ऊस सोळा-अठरा महिने रानात उभा असतो. पाणी, खत, खुरपणी, भरणी हे सगळं आधी होतं, तेव्हा कुठे कोयता लागतो.

या अंकात आम्ही एका निराळ्या हंगामाचा हिशेब सभासदांपुढे ठेवत आहोत. मुलींच्या फुटबॉलचा. "ऊसवाल्यांच्या अंकात हे कशाला?" असं कुणी म्हणेल. म्हणू द्या. आपल्या घरांत मुलीही आहेत, त्यांच्या शाळांना मैदानं आहेत, आणि या खेळात राष्ट्रीय पातळीवर गेलेल्या महाराष्ट्राच्या संघांतला एक तर थेट ऊसपट्ट्यातला, कोल्हापूरचा होता. त्या संघांचं पुढे काय झालं, हे समजून घेतलं तर त्यात आपल्या सवयीचीच एक गोष्ट सापडते.

पाच सामन्यांचं वर्ष

आपल्या देशात बायकांचं फुटबॉल काही काल-परवाचं नाही. महिला फुटबॉलची देशपातळीवरची संघटना १९७५ साली उभी राहिली आणि राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धाही त्याच सुमारास सुरू झाली. १९८० साली कोळिकोडला झालेल्या आशियाई स्पर्धेत आणि पुन्हा १९८३ साली बँकॉकच्या स्पर्धेत भारताच्या मुली उपविजेत्या ठरल्या. आशियात दुसरा नंबर! तोही अशा काळात, की पुष्कळ गावांत मुलीने सायकल चालवली तरी चर्चा व्हायची.

एवढी सुरुवात असूनही क्लबांची राष्ट्रीय लीग सुरू व्हायला २०१६ साल उजाडावं लागलं. ऑक्टोबर २०१६ मध्ये कटकला प्राथमिक फेरी झाली आणि अंतिम फेरी दिल्लीच्या आंबेडकर स्टेडियमवर २८ जानेवारी ते १४ फेब्रुवारी २०१७ या काळात. संघ सहा. त्यांत पुण्याचा एफसी पुणे सिटी हा आपल्या राज्याचा संघ होता. अंतिम सामन्यात मणिपूरच्या ईस्टर्न स्पोर्टिंग युनियनने कटकच्या रायझिंग स्टुडंट क्लबला ३-० असं हरवलं.

आता सभासदांनी जरा बोटांवर हिशेब करावा. सहा संघ, प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा खेळायचं, म्हणजे प्रत्येक संघाला सामने पाच. जिंकून वर गेलात तर आणखी एक-दोन. २०१९ साली लुधियानात आणि २०२० साली बंगळूरला बारा-बारा संघ होते, पण सहा-सहांचे दोन गट केलेले. म्हणजे पुन्हा सामने पाचच. पाच सामन्यांची मिनिटं होतात साडेचारशे, तास होतात साडेसात. वर्षाचे दिवस ३६५ आणि राष्ट्रीय लीगचा खेळ साडेसात तास. लागण करून एकच पाणी द्यावं आणि मग एकरी टन मोजायला बसावं, तशातला हा प्रकार.

कोल्हापूरच्या पोरी

लुधियाना आणि बंगळूर, या दोन्ही हंगामांत एफसी कोल्हापूर सिटी हा संघ खेळला. कोल्हापूरचं फुटबॉल म्हणजे काय चीज आहे, हे त्या बाजूच्या सभासदांना सांगायला नको. तिथं पेठेपेठेच्या तालमींचे संघ आहेत. पाटाकडील, बालगोपाल, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब अशी नावं नुसती घेतली तरी माणसं बाजू घेऊन भांडायला उठतात. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या वरिष्ठ गटात सोळा संघ खेळतात आणि मोठा सामना असला की शाहू स्टेडियमवर पाय ठेवायला जागा नसते. हे संघ वर्षानुवर्षं टिकले, कारण त्यांना पेठ आहे, वर्गणी आहे, भांडणारी माणसं आहेत आणि गावातच महिनोनमहिने चालणारा हंगाम आहे.

जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला गडहिंग्लज आहे. भोवताली ऊस, मध्ये गाव, आणि गावाला फुटबॉलचं वेड. त्याच तालुक्यातल्या बेकनाळ गावची अंजू तुरंबेकर ही मुलगी खेळाडू झाली, मग प्रशिक्षक झाली, आशियाई महासंघाचा 'ए' दर्जाचा परवाना तिने मिळवला आणि अखिल भारतीय फुटबॉल महासंघात तळागाळातल्या फुटबॉलची प्रमुख म्हणून काम केलं. शेतकऱ्याच्या गावातून निघालेली मुलगी देशभरातल्या प्रशिक्षकांना धडे देते, म्हणजे आपल्या मातीत कस आहे. तो सिद्ध करायला आणखी पुरावा नको.

मग कमी कुठं पडलं? कोल्हापूरच्या पुरुषांचा संघ हरला तरी पुढच्या आठवड्यात पुन्हा मैदानावर उतरतो. मुलींच्या संघाने दोन रात्रींचा प्रवास करून लुधियाना गाठायचं, पाच सामने खेळायचे आणि परत यायचं. हरलेल्या सामन्यातून शिकायला पुढचा सामना लागतो. तोच नव्हता.

नावं बदलत गेली

आता या लीगमधल्या महाराष्ट्राच्या संघांची यादी पाहा. २०१७ साली पुणे सिटी. २०१८ साली शिलाँगच्या हंगामात मुंबईचा इंडिया रश. २०१९ साली कोल्हापूर सिटी. २०२० साली कोल्हापूर सिटी आणि मुंबईचा केंकरे. पुढच्या वर्षी कोरोनामुळे हंगामच झाला नाही. २०२२ साली भुवनेश्वरला मुंबईचा पिफा स्पोर्ट्स. २०२३ साली अहमदाबादला मुंबई नाईट्स.

सहा हंगाम आणि संघ सहा. कोल्हापूर सोडलं तर दुसऱ्यांदा कुणाचं नाव नाही. पुणे सिटी हा क्लब तर पैशाअभावी २०१९ साली बंदच झाला. पुरुषांचा संघ गेला, तसा मुलींचाही गेला.

आपल्या भाषेत सांगायचं तर दर वर्षी नवी लागण झाली आणि खोडवा कुणी ठेवलाच नाही. लागणीला खर्च किती येतो, आपण जाणतो. नांगरट, सरी, बेणं, मजुरी. म्हणून शहाणा शेतकरी पहिली तोडणी झाली की बुडखे जमिनीलगत छाटतो, पाचट न जाळता सरीत दाबतो, बगला फोडतो, नांग्या भरतो. मुळं आधीच जमिनीत बसलेली असतात, दुसरं पीक कमी खर्चात निघतं. संघाचंही तसंच असतं. पंधरा-सोळा मुली वर्षभर एकमेकींसोबत खेळल्या की बचावातली मुलगी न बघता पास देते, कारण पुढची कुठं पळणार हे तिला माहीत असतं. ही मुळं. स्पर्धा संपली की संघ मोडायचा आणि पुढच्या साली नवा बांधायचा, तर दर वेळी पहिल्या नांगरटीपासून सुरुवात.

हंगाम वाढला, तसा खर्चही वाढला

महासंघाने पुढे हंगाम लांबवला, हे कबूल केलं पाहिजे. २०२२ साली भुवनेश्वरला बारा संघ एकमेकांशी खेळले, म्हणजे प्रत्येकाला अकरा सामने. केरळच्या गोकुलम संघाने अकराच्या अकरा जिंकले. २०२३-२४ पासून तर खरी लीग झाली: सात संघ, एक सामना आपल्या मैदानावर, एक समोरच्याच्या. प्रत्येकाला बारा सामने. २०२४-२५ ला आठ संघ, सामने चौदा. पहिल्या वर्षी ओडिशा एफसी आणि दुसऱ्या वर्षी कोलकात्याचा ईस्ट बंगाल विजेता ठरला.

पाचाचे चौदा झाले. फार चांगली गोष्ट. पण या दोन्ही हंगामांच्या वरच्या गटात महाराष्ट्राचा एकही संघ नव्हता. चौदा सामने म्हणजे त्यांतले सात परगावी. केरळ, तमिळनाडू, कर्नाटक, ओडिशा, बंगाल. पंचवीस माणसांचं रेल्वे-विमानाचं भाडं, राहणं, जेवण. त्यात मार्च २०२३ मध्ये महासंघाने जाहीर केलं की वरच्या लीगमधल्या प्रत्येक क्लबने किमान दहा भारतीय खेळाडूंना वर्षाला निदान ३ लाख २० हजार रुपये द्यावेत. नियम अगदी योग्य. मुलगी वर्षभर घाम गाळणार तर तिला वर्षभराचा पैसा मिळायला नको का? पण दहा जणींचे होतात ३२ लाख, आणि ही नुसती सुरुवात.

ज्यांच्या मागे मोठा पुरुषांचा क्लब, सरकार किंवा खातं उभं आहे, ते टिकले. या लीगच्या जुन्या याद्या चाळल्या की मणिपूर पोलीस, ओडिशा पोलीस, सशस्त्र सीमा बल, केंद्रीय राखीव पोलीस दल अशी नावं भेटतात. तिथल्या मुलींना महिन्याच्या महिन्याला पगार होता. खेळ सुटला तरी नोकरी राहणार, हा भरवसा घरच्यांना होता. बाप मुलीला मैदानावर पाठवतो तेव्हा पुढचा प्रश्न हाच असतो, आणि तो रास्त आहे.

म्हणजे पेच असा आहे. हंगाम लहान होता तेव्हा कोल्हापूरसारख्या संघाला परवडत होता, पण त्यात खेळाडू घडत नव्हते. हंगाम मोठा झाला तेव्हा खेळाडू घडू लागले, पण लहान संघाला तो परवडेना. हा पेच दिल्लीत बसून सुटणार नाही. वरच्या पिकाला खालून पाणी लागतं. तालुक्यात, जिल्ह्यात, राज्यात मुलींना वर्षभर खेळायला मिळालं, तरच वर गेलेला संघ टिकतो.

खडवलीहून मोजलं तर

आपल्या भागातली पुष्कळ माणसं पोटापाण्यासाठी ठाणे-कल्याण-डोंबिवलीकडे गेली आणि तिथलीच झाली. त्यांच्याकडे जाताना कसाऱ्याची लोकल धरली, तर शहाड, आंबिवली, टिटवाळा मागे टाकून खडवली येतं. भातसा नदीकाठचं गाव. उन्हाळ्यात नदीवर डुंबायला येणाऱ्यांची गर्दी, पावसाळ्यात भाताची खाचरं. या खडवलीच्या एखाद्या शाळकरी मुलीचं उदाहरण घेऊ.

३० ऑक्टोबर २०२२ रोजी सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना नवी मुंबईत, नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाला. स्पेनने कोलंबियाला १-० असं हरवलं. म्हणजे जगाचा अंतिम सामना तिच्याच ठाणे जिल्ह्यात! खडवलीहून गाडीत बसायचं, ठाण्याला बदलायची, नेरुळला उतरायचं. विश्वचषक तिच्यापासून एका लोकलच्या तिकिटावर होता. पण त्याच मुलीला दर रविवारी नेमाने सामना खेळायचा असेल, तर? पंधरा मुलींचा संघ, समोर दुसरा संघ, शिट्टी वाजवणारा पंच आणि महिनोनमहिने चालणारं वेळापत्रक? ते कुठल्या स्टेशनवर उतरल्यावर मिळतं?

त्याच विश्वचषकात यजमान भारताच्या मुली अमेरिकेकडून ८-०, मोरोक्कोकडून ३-० आणि ब्राझीलकडून ५-० अशा हरल्या. तीन सामन्यांत १६ गोल अंगावर आणि आपला एकही नाही. त्या पोरींना नावं ठेवण्यात अर्थ नाही. समोरच्या मुली लहानपणापासून दर आठवड्याला सामने खेळत आलेल्या. आपल्या मुलींना शिबिरं मिळाली, हंगाम मिळाले नाहीत.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ५ जुलै २०२५ रोजी चियांग माईला भारताच्या मोठ्या मुलींनी थायलंडला त्यांच्याच मैदानावर २-१ असं हरवलं आणि पात्रता फेरी जिंकून प्रथमच आशियाई चषकात जागा मिळवली. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. खेळायला मिळालं की काय होतं, त्याचा हा नमुना.

एक कारखाना आणि एक सहकारी क्लब

कारखान्याचा आणि मुलींच्या फुटबॉलचा काय संबंध, असं कुणाला वाटलं तर इंग्लंडातली एक जुनी हकीकत ऐकावी. पहिल्या महायुद्धात प्रेस्टन गावच्या डिक, केर या कारखान्यात पुरुष लढाईवर गेल्यामुळे दारूगोळ्याच्या कामाला बायका लागल्या. जेवणाच्या सुट्टीत त्या अंगणात चेंडू खेळायच्या. त्यांतूनच संघ उभा राहिला. १९१७ च्या नाताळात त्यांनी जखमी सैनिकांच्या इस्पितळासाठी सामना खेळला, तो बघायला दहा हजार माणसं आली. २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलला त्यांच्या सामन्याला ५३ हजारांची गर्दी झाली. आणि पुढच्याच वर्षी, ५ डिसेंबर १९२१ रोजी, तिथल्या फुटबॉल संघटनेने हा खेळ बायकांना शोभत नाही असं ठरवून आपल्या मैदानांची दारं त्यांना बंद केली. ती सुमारे पन्नास वर्षं उघडली नाहीत. उभं पीक नांगरून टाकायला एक ठराव पुरला.

याउलट स्पेनमधल्या बार्सिलोना क्लबचं उदाहरण. हा क्लब कुणा शेठजीचा नाही. त्याचे लाखावर सभासद आहेत, तेच मालक, आणि अध्यक्ष त्यांच्या मतांवर निवडून येतो. आपल्याला ही रचना ओळखीची वाटेल! या क्लबने २०१५ साली मुलींच्या संघाला पूर्ण व्यावसायिक केलं, म्हणजे वर्षभर पगार आणि वर्षभर सराव. सात वर्षांनी, २२ एप्रिल २०२२ रोजी, त्या मुलींचा सामना बघायला ९१,६४८ लोक आले. सभासदांनी मनावर घेतलं आणि खोडवा नीट राखला, तर असा उतारा पडतो.

आपण काय करू शकतो

राष्ट्रीय लीगचा संघ काढा, असं आम्ही मुळीच सुचवत नाही. टनामागे कपात करा असंही म्हणत नाही. कपातींची यादी आधीच पुरेशी लांब आहे. आमची सूचना साधी आहे. कार्यक्षेत्रातल्या आठ गावांच्या शाळांनी मुलींचे आठ संघ करावेत. प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळायचं, एकदा आपल्या गावात, एकदा त्यांच्या. म्हणजे प्रत्येक संघाला चौदा सामने, राष्ट्रीय लीगच्या वरच्या गटाइतकेच. दर रविवारी चार सामने, एकूण छप्पन्न, आणि चौदा रविवारांत हंगाम पूर्ण. एका संघात सोळा मुली धरल्या तर १२८ मुली साडेतीन महिने मैदानावर.

दिवाळीनंतर सुरुवात केली तर परीक्षेच्या आत, फेब्रुवारीत संपतं. त्याला आणखी एक कारण आहे. त्याच दिवसांत ऊसतोडणी कामगारांची कुटुंबं आपल्या फडांवर येतात. त्यांच्या मुली साखरशाळेत असतात, नाहीतर धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन कोपीपुढे बसलेल्या असतात. त्यांचं गाव सुटतं, शाळा सुटते. निदान हा एक हंगाम तरी असा असावा, जो त्या इथं असतानाच भरतो. आपल्या गावच्या संघात त्यांतल्या दोघी-तिघींना जागा द्यावी. रविवारी दोन तास धाकट्याला कोण सांभाळणार, हेही गावाने बघावं.

लागतं काय? सपाट रान, चार खांब, चेंडू, शिट्टी. परगावी जायला ट्रॅक्टर किंवा जीप, ती गावात असतेच. आणि एक गोष्ट पुरुषमंडळी विसरतात ती म्हणजे कपडे बदलायला आडोसा, पाणी आणि स्वच्छ संडास. एवढ्या एका कारणानं मुली मैदान सोडतात. तेवढं केलं तरी अर्धं काम झालं. शिक्षक मंडळींपैकी कुणी प्रशिक्षकाचा प्राथमिक वर्ग करून यावं. गडी-माणसांनी सामना बघायला यावं, आणि चुकलेल्या पासवर हसण्याऐवजी टाळी वाजवावी. तालमींचे संघ कोल्हापुरात टिकले ते कडेला उभ्या राहणाऱ्या माणसांमुळेच.

यातून उद्याच राष्ट्रीय खेळाडू निघेल असं वचन आम्ही देत नाही. पहिल्या वर्षी आठांतले दोन संघ बंद पडतील, कुठं लग्न ठरेल, कुठं घरचं काम निघेल. नांग्या पडतातच. त्या भरायच्या. मुद्दा इतकाच की दुसऱ्या वर्षी तोच संघ, त्याच मुली आणि तेच मैदान पुन्हा उभं राहिलं पाहिजे. तिसऱ्या वर्षी त्यांना धाकट्या बहिणी येऊन मिळतील. मग राज्याच्या स्पर्धेला जाणारा संघ आयत्या वेळी गोळा करावा लागणार नाही, तो रानात उभाच असेल.

येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत ऐनवेळच्या विषयांत सभासदांनी हा विषय काढावा. महिला सभासदांनी तर जरूर काढावा. कोणती आठ गावं पुढं येतात, ते त्याच बैठकीत हात वर करून ठरू शकतं.

विचार व्हावा.